'चाल' आणि 'साथ' यांच्या पलीकडे : चिक चॉकलेट यांच्या संगीतकारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात चित्रपटगीत या घटकाचे अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाने 'अलबेला' (१९५१) या चित्रपटातील गाणी विद्यार्थ्यांना ऐकविली होती. गीतकार कोण, संगीतकार कोण, गायक कोण ही माहिती फळ्यावर लिहून झाली. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, चाल रामचंद्रांची हे कळले. पण मध्ये जे तुतारीसारखे वाजते, ते कोणी ठरवले?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. 'वादकांनी वाजवले' असे मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही; कारण तो एका तुकड्याच्या कर्तृत्वाचा असला तरी त्याच्या मुळाशी मराठी संगीतसमीक्षेने कर्तृत्वाची जी कल्पना गृहीत धरली आहे, तिचाच प्रश्न होता.

या प्रश्नाचा शोध घेत गेल्यावर जे नाव समोर आले ते अंतोनियो शाविएर वाझ यांचे. मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटसृष्टीत ते 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जात. ट्रम्पेटवादक, जॅझ बँडचे नायक, सी. रामचंद्र यांचे सहायक व संगीत संयोजक आणि काही चित्रपटांचे स्वतंत्र संगीतकार अशा चार भूमिका त्यांनी एका आयुष्यात पार पाडल्या. गेल्या दोन दशकांत ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्या इंग्रजी ग्रंथांनी या पिढीतील वादकांना काहीसा न्याय मिळवून दिला. मराठीत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा गमतीदार टोपणनावापुरता किंवा आठवणींच्या लेखातील एका वाक्यापुरता येतो.

प्रस्तुत लेखात चिक चॉकलेट यांच्या कारकिर्दीचे टप्पे पाहून, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' या त्यांच्या बिरुदाची चिकित्सा करावयाची आहे. तसेच संयोजकाचे काम समजून घेण्यास आपली प्रचलित परिभाषा कितपत पुरी पडते, हेही तपासावयाचे आहे.

२. हळदोणे ते मुंबई : एका वादकाची घडण

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील बार्देश भागात हळदोणे येथे झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तो तसाच राहिला. या राजकीय वस्तुस्थितीचा एक सांगीतिक परिणाम ध्यानात घेणे आवश्यक आहे. गोव्यातील ख्रिस्ती गावांत चर्चला जोडून पाठशाळा चालत. तेथील 'मेस्त्री' मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरवाचन शिकवीत. हाताला व्हायोलिन किंवा एखादे फुंकवाद्य मिळे आणि कागदावरील पाश्चात्त्य स्वरलेखन पाहताक्षणी वाजविण्याची सवय बालपणीच लागे. प्रार्थनासंगीताला पुरेसे वादक मिळावेत एवढाच या शिक्षणाचा हेतू होता. परंतु त्यातून शेकडो मुलांच्या हाती एक असे कौशल्य आले, ज्याला गावात रोजगार नव्हता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील शहरांत मात्र भरपूर मागणी होती.

ही मुले मुंबईला आली. धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत गावागावांच्या 'कूड' नावाच्या सामायिक वसतिस्थानांत ती राहिली. बोटीवरचे खलाशी, आचारी, शिंपी यांच्याबरोबर वादकही तेथेच राहत. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांतील वाद्यवृंद, पोलीस व लष्करी बँड, संस्थानिकांचे दरबारी वाद्यवृंद आणि युरोपीयांची हॉटेले ही त्यांच्या चरितार्थाची ठिकाणे होती. चिक चॉकलेट यांची घडण या व्यवस्थेत झाली. त्यांच्या वाट्याला गुरुकुल आले नाही, घराणेही आले नाही. आले ते वाचनाचे शिक्षण आणि बाजाराची शिस्त. आपल्याकडील संगीतचरित्रांत 'तालीम' या शब्दाभोवती जी भावनिक वलये असतात, ती येथे शोधू गेल्यास निराशा पदरी येते. ही घडण वेगळ्या जातीची आहे आणि तिचे मोलही वेगळ्या निकषांवर ठरवावे लागते.

३. हॉटेलचे व्यासपीठ आणि बँडनायकाचे काम

मुंबईत जॅझ रुजण्यास आफ्रिकन-अमेरिकन कलावंतांचे प्रत्यक्ष वास्तव्य कारणीभूत ठरले, ही बाब महत्त्वाची आहे. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यानंतर कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड हे येथे आले. वेदरफर्ड यांनी विसाच्या दशकात शिकागो येथे अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात वादन केले होते. लुई आर्मस्ट्राँग तेथे त्यांचे सहवादक होते. पुढे शांघायमार्गे ते हिंदुस्थानात आले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीच्या विकाराने त्यांचे निधन झाले. या कलावंतांना त्यांच्या देशात वर्णभेदाची झळ सोसावी लागत होती. येथे ते वसाहतीतील श्रीमंतांसमोर, त्यांच्याच राहत्या हॉटेलांत, मानाने वाजवीत होते. आणि त्यांच्या शेजारी बसून गोमंतकीय व पारशी वादक कागदावर न मावणाऱ्या गोष्टी कानाने टिपीत होते.

कागदावर न मावणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे थोडे स्पष्ट करणे योग्य ठरेल. जॅझमधील 'स्विंग' म्हणजे मात्रेचे दोन समान भाग न करता पहिला लांब व दुसरा आखूड करून लयीला दिलेला झोल. तो किती द्यावा, याचे माप स्वरलेखनात नसते. ट्रम्पेटच्या तोंडाशी 'म्यूट' धरून आवाज दाबणे, घशातून घरघर आणणे, स्वराला खालून हळूच भिडणे या क्रियाही तशाच. चर्चच्या पाठशाळेने वाचायला शिकविले होते. वाचलेले मोडायला या पाहुण्यांनी शिकविले. चिक चॉकलेट यांच्या वादनाचे सामर्थ्य या दोन शिक्षणांच्या जोडणीत आहे.

'चिक चॉकलेट अँड हिज म्युझिक मेकर्स' या बँडने ग्रीन्स हॉटेलात व पुढे ताजमध्ये लोकप्रियता मिळविली. आज ताजची मनोऱ्याची इमारत जेथे आहे, तेथे पूर्वी ग्रीन्स हॉटेल होते. चाळीसच्या दशकात या बँडच्या ७८ आर.पी.एम.च्या तबकड्याही निघाल्या. हा काळ स्पर्धेचा होता. मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये होता. केन मॅक यांचा बँड प्रसिद्ध होता. कावसजी खटाव हे पारशी सॅक्सोफोनवादक 'रुडी कॉटन' या नावाने आपला बँड चालवीत. या नावांकडेही लक्ष द्यावयास हवे. वाझ यांचे 'चॉकलेट' आणि खटाव यांचे 'कॉटन' होणे ही केवळ गंमत नव्हे. हॉटेलच्या दारावरील फलकाला अमेरिकन वाटणारे नाव हवे होते आणि वादकाने ते धारण केले. पोटासाठी घेतलेले हे नाव पुढे त्याची खरी ओळख होऊन बसले.

बँडनायकाचे कार्य नेमके काय असते, हेही समजून घ्यावयास हवे. तो केवळ पुढे उभा राहून वाजविणारा प्रमुख वादक नसतो. नृत्याच्या फरशीवर जोडपी किती आहेत, ती थकली की रंगात आली आहेत, हे पाहून पुढील गीत आणि त्याची लय तो निवडतो. कोणत्या वादकाला किती आवर्तने मोकळी सोडावयाची, कोणाला केव्हा थांबवावयाचे, हे तो ठरवितो. परदेशातून आलेल्या छापील संयोजनात दहा-बारा वाद्ये गृहीत धरलेली असतील आणि आपल्याकडे सातच असतील, तर ती सात वाद्ये बारांसारखी कशी वाजतील याची तजवीज त्यालाच करावी लागते. नेमके हेच कौशल्य पुढे चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणकक्षात उपयोगी पडले. म्हणून चिक चॉकलेट यांच्या चित्रपटीय कामाचे मूळ त्यांच्या एकल वादनापेक्षा त्यांच्या नायकत्वात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' : एका बिरुदाची चिकित्सा

चिक चॉकलेट यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हटले जाई. त्यांनी स्वतः आर्मस्ट्राँग यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवला होता. ट्रम्पेटचा बाज आणि गाण्यातील खरखरीत आवाज या दोन्हींत त्या आदर्शाचे ठसे होते. त्यामुळे हे बिरुद निराधार नाही. परंतु समीक्षेने बिरुद स्वीकारताना दोन गोष्टी तपासावयास हव्यात.

पहिली गोष्ट अशी की, आर्मस्ट्राँग यांचे ऐतिहासिक महत्त्व केवळ शैलीत नाही. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात 'हॉट फाइव्ह' या गटाच्या ध्वनिमुद्रणांतून त्यांनी सामूहिक उत्स्फूर्त वादनाच्या जागी एका कलावंताच्या सलग, विचारपूर्वक बांधलेल्या एकल वादनाला केंद्रस्थान मिळवून दिले. जॅझचा व्याकरणबदल त्यांनी घडविला. चिक चॉकलेट यांनी असा बदल घडविला नाही. तो बदल त्यांनी आत्मसात केला. या अर्थाने बिरुद त्यांना न पेलणारे आहे आणि त्या मापाने मोजल्यास ते एक कुशल अनुकारक एवढेच ठरतात.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. चिक चॉकलेट यांनी जे केले, ते आर्मस्ट्राँग यांना कधी करावेच लागले नाही. जॅझचे व्याकरण ज्या भाषेत नव्हते, त्या भाषेत ते नेणे; रागाधारित किंवा लोकधाटीच्या एकरेषीय चालीखाली स्वरसंगतीचा पाया घालणे; आणि ज्या श्रोत्याने ताजची पायरी कधी चढली नाही, त्याच्या कानाला हे सारे आपलेसे वाटेल असे करणे, हे काम स्वतंत्र प्रतिभेचे आहे. 'भारताचा अमुक' या बिरुदात भारतीयत्व केवळ पत्त्यासारखे येते; कामाचे स्वरूप त्यातून कळत नाही. बिरुद गौरवासाठी दिले गेले, पण त्याने जे मूळचे होते तेच झाकले, असे म्हणावे लागते.

५. 'अलबेला' आणि चित्रपटसंगीतातील संयोजन

स्वातंत्र्यानंतर हॉटेलांतील जॅझची परिस्थिती पालटली. ब्रिटिश श्रोतृवर्ग निघून गेला, संस्थानिकांचे उत्पन्न आटले, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रजीवनाला लगाम घातला. याच सुमारास चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद मात्र वाढत होता. कागद वाचून एका बैठकीत वाजवू शकणाऱ्या वादकांची तेथे गरज होती आणि असे वादक बहुसंख्येने गोमंतकीय होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्या पिढीतील ठळक नावे. चिक चॉकलेट यांचे नाव प्रामुख्याने सी. रामचंद्र यांच्याशी जोडले गेले.

रामचंद्र नरहर चितळकर म्हणजे सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. मराठी लोकसंगीत, नाट्यपदे आणि हिंदुस्थानी रागसंगीत यांचे संस्कार त्यांच्या चालींत सहज आढळतात. 'शहनाई' (१९४७) मधील त्यांच्या पाश्चात्त्य धाटणीच्या गीताने श्रोत्यांत खळबळ उडविली होती. 'समाधी' (१९५०) मधील प्रसिद्ध द्वंद्वगीताची चाल त्रिनिदादमध्ये जन्मलेले, लंडनचे बँडनायक एडमंडो रॉस यांच्या तबकडीवरून आलेली आहे. कॅरिबियन बेटांतून लंडन, तेथून मुंबईचे हॉटेल आणि तेथून चित्रपट असा एका चालीचा हा प्रवास आहे. या प्रवासातील मुंबईचा थांबा हॉटेलातील वादकांच्या हातून घडला, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

'अलबेला' हा या सहकार्याचा कळस होय. भगवान पालव म्हणजेच भगवानदादा यांच्या या चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट व त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. 'शोला जो भडके' या गीतात बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांचा जो मेळ आहे, त्याची रचना लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहे. गायनाची ओळ संपते आणि श्वास घेण्याएवढी जागा मोकळी राहते. पारंपरिक साथीत या जागी सारंगी किंवा हार्मोनियम गायकाचीच ओळ परत वाजवून दाखविते. येथे मात्र वाद्य गायकाला उत्तर देते. ते ओळीची नक्कल करीत नाही. हाक आणि प्रतिसाद हे जॅझचे मूलतत्त्व आहे आणि त्याचे मूळ आफ्रिकन-अमेरिकन श्रमगीतांत व प्रार्थनागीतांत आहे. मुखडा-अंतऱ्याच्या चौकटीला धक्का न लावता हे तत्त्व तिच्या फटींत बसविले गेले आहे. चाल काढून टाकली तर गीत उरत नाही, हे खरे. पण हे प्रतिसाद काढून टाकले तर जे उरते ते 'अलबेला'चे गीत नव्हे, हेही तितकेच खरे.

या गीतांचे पुढे काय झाले, हे अधिक अर्थपूर्ण आहे. भगवानदादांच्या नाचाची पावले गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत शिरली. वरातीच्या बँडने ही गाणी उचलली. ज्या ट्रम्पेटचे बोल काही वर्षांपूर्वी अपोलो बंदरावरील नृत्यगृहात निवडक मंडळींसाठी उमटत होते, त्यांचेच वंशज गिरणगावातील रस्त्यावर वाजू लागले. अभिजनांच्या करमणुकीचे असे लोकीकरण घडविणाऱ्या साखळीत गिरणी कामगाराच्या घरातून आलेला दिग्दर्शक, पुणतांब्याचा संगीतकार आणि हळदोण्याचा ट्रम्पेटवादक हे तीन दुवे आहेत. यांपैकी दोघांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले. तिसऱ्याविषयी फारसे लिहिले गेले नाही.

६. 'चाल', 'साथ' आणि 'संयोजन' : परिभाषेचा प्रश्न

असे का घडले असावे? केवळ उपेक्षा, प्रांतभेद किंवा धर्मभेद एवढ्यावर बोट ठेवणे सोपे आहे. त्यात तथ्य नाहीच असे नाही. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते याहून खोल कारण आपल्या भाषेत आहे.

मराठी माणूस गाणे आवडले की विचारतो, "चाल कोणाची?" हा प्रश्न संगीत नाटकाने आपल्याला शिकविला. 'मानापमान' (१९११) च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, 'स्वयंवर' (१९१६) च्या पदांना भास्करबुवा बखले यांनी, हे आपण अभिमानाने सांगतो. कर्तृत्वाचे एकक चाल हे आहे. चालीच्या बाहेर जे वाजते त्याला आपण 'साथ' म्हणतो आणि वाजविणाऱ्याला 'साथीदार'. साथ हा शब्द सुंदर आहे, परंतु तो क्रम ठरवून टाकतो : अगोदर गायन, मागून वादन. नाट्यपदाला ही परिभाषा पुरेशी होती. कारण ऑर्गन-तबल्याची साथ खरोखरच मागून येणारी होती. चित्रपटगीतात आरंभीचा वाद्यखंड, अंतऱ्यांमधील खंड, गायनाखालील प्रतिओळ आणि स्वरसंगती हे सारे अगोदर ठरते, लिहिले जाते आणि गायक त्यात येऊन गातो. येथे 'साथ' हा शब्द वस्तुस्थितीच उलटी करतो.

याची कबुली स्वतःपासून द्यावयास हवी. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी नाट्यपदे आणि आरंभीची चित्रपटगीते यांचा तौलनिक अभ्यास करताना प्रस्तुत लेखकाने जो तक्ता केला होता, त्यात 'पद', 'राग', 'ताल', 'चाल' आणि 'गायक' असे पाच रकाने होते. वादक अथवा संयोजक यांच्यासाठी रकानाच नव्हता. कोणाला वगळावे असा हेतू त्यामागे नव्हता. असा रकाना असावा हे सुचलेच नाही. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला जे ऐकू आले, ते दोन वर्षांच्या संशोधनात ऐकू आले नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

वास्तविक 'संगीत संयोजक' हा शब्द मराठीला अपरिचित नाही. श्यामराव कांबळे, अनिल मोहिले यांच्या नावांमुळे भावगीताच्या श्रोत्यांना तो ठाऊक झाला. परंतु तो श्रेयनामावलीत राहिला, समीक्षेत उतरला नाही. संयोजन चांगले म्हणजे काय, एका संयोजकाची शैली दुसऱ्याहून कशी ओळखावी, याची चर्चा आपण क्वचितच करतो. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताचे जे वर्गीकरण मांडले, त्यात लोकप्रिय संगीताबरोबरच भिन्न परंपरांच्या मीलनातून होणाऱ्या संगीतालाही स्वतंत्र स्थान दिले. चिक चॉकलेट यांच्यासारख्यांच्या कामाचा विचार करण्यास ही मांडणी उपयुक्त आहे. तिला एक पुस्ती मात्र जोडावीशी वाटते. दोन प्रवाह मिळतात तेव्हा नाव बहुधा एकाचेच उरते. ते कोणाचे उरते आणि का, हाही समीक्षेचा विषय आहे.

यात साधनांचा प्रश्नही गुंतलेला आहे. संगीतकाराची चाल हार्मोनियमवर तयार होई, ती सारेगमच्या स्वरलिपीत टिपली जाई. संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करी. ध्वनिमुद्रण संपले की या कागदांचे काम संपे. ते जपावेत अशी व्यवस्था नव्हती. नाट्यपदांची स्वरलेखने पुस्तकरूपाने छापली गेली. संयोजनाचे कागद रद्दीत गेले. ज्याचा पुरावा उरत नाही, त्याचे कर्तृत्व सिद्ध करता येत नाही. आणि जे सिद्ध करता येत नाही, ते अध्ययनविषय होत नाही.

७. प्रतिवाद आणि मर्यादा

येथे एका विरुद्ध टोकाच्या मताचाही विचार करणे न्याय्य ठरेल. अलीकडे असे म्हटले जाते की, त्या काळातील संगीत खऱ्या अर्थाने गोमंतकीय संयोजकांनीच केले. संगीतकार केवळ नावाचे धनी होते. हे मत अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करते. सी. रामचंद्र यांच्या चालींतील लवचीकता, शब्दांच्या वजनाची जाण आणि 'अनारकली' (१९५३) सारख्या चित्रपटातील रागदारीचा प्रत्यय हे कोणत्याही संयोजकाचे देणे नव्हे. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गीताची जन्मकथा या संदर्भात बोलकी आहे. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या निरर्थक शब्दांवरून ते सुचले आणि त्यातील एक तुकडा सहायक जॉन गोम्स यांनी कोंकणीतील 'मला नको' या अर्थाच्या शब्दांवरून जोडला, असे सांगितले जाते. आर्मस्ट्राँग यांनी लोकप्रिय केलेल्या निरर्थक अक्षरांच्या गायनाची परंपरा, मुलांचा खेळ आणि कोंकणी बोली यांचा तो मेळ आहे. त्यात अमुक अंश अमुक व्यक्तीचा अशी वाटणी करू गेल्यास गीतच हातातून निसटते. श्रेय वाटून देता येते. निर्मिती नेहमीच तशी वाटता येत नाही.

चिक चॉकलेट यांची स्वतंत्र संगीतकार म्हणून झालेली कामगिरीही तटस्थपणे पाहावयास हवी. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) या चित्रपटांशी संगीतकार म्हणून त्यांचे नाव निगडित आहे. या चित्रपटांची गाणी 'अलबेला'प्रमाणे लोकस्मृतीत रुजली नाहीत. यावरून ते दुय्यम प्रतीचे कलावंत होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांची प्रतिभा चालीत नसून चालीच्या सभोवतालात होती, असे म्हणणे अधिक योग्य. उत्तम नाट्यदिग्दर्शकाने लिहिलेले नाटक पडले म्हणून त्याचे दिग्दर्शन कमी प्रतीचे ठरत नाही. चालीलाच कर्तृत्वाचे एकमेव एकक मानल्यामुळे त्यांनाही कदाचित 'संगीतकार' होणे आवश्यक वाटले असेल. कारण त्याशिवाय नाव लागत नव्हते.

एक मर्यादा प्रस्तुत विवेचनाचीही आहे. जॅझ आणि हिंदुस्थानी संगीत या दोहोंत उत्स्फूर्तता असते, म्हणून ती एकमेकांच्या जवळची आहेत असे विधान नेहमी केले जाते. ते येथे जाणीवपूर्वक टाळले आहे. रागविस्तार स्थिर षड्जाच्या आधाराने होतो. जॅझमधील उत्स्फूर्त वादन बदलत जाणाऱ्या स्वरसंगतींच्या मालिकेवरून चालते. चिक चॉकलेट यांच्या पिढीचे काम अवघड होते, ते या दोहोंतील साम्यामुळे नव्हे, तर या भेदामुळे.

८. शेवटचे दृश्य

चेतन आनंद दिग्दर्शित 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटात खय्याम यांनी संगीत दिलेले आणि भूपिंदर यांनी गायिलेले एक नाइटक्लबमधील गीत आहे. गायक पडद्यावर दिसतो आणि त्याच्यासोबत ट्रम्पेट वाजविणारे चिक चॉकलेटही दिसतात. वय पन्नाशीचे आहे. ट्रम्पेटचे बोल संथ आहेत आणि त्यांत 'अलबेला'चा उत्साह नाही. असते ती एक प्रौढ, सावरलेली आर्तता. दोन गायनखंडांच्या मध्ये ट्रम्पेटला पुरेशी जागा दिलेली आहे आणि कॅमेराही त्याच्याकडे पाहतो. पुढील वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी, १९६४ साली, लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले होते. वर्तमानपत्रांनी त्यांचे स्वागत केले, ते उचितच होते. ज्याला या शहराने त्यांचे नाव बहाल केले होते, त्याच्या स्वतःच्या नावाने मात्र मराठी संगीतसमीक्षेत नोंद झाली नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. चिक चॉकलेट यांच्या कारकिर्दीचे मर्म एकल वादनापेक्षा बँडनायकत्वात आहे आणि त्यांचे चित्रपटीय संयोजन हा त्याच नायकत्वाचा विस्तार होय. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' हे बिरुद एका बाजूने त्यांना अतिरिक्त श्रेय देते व दुसऱ्या बाजूने त्यांचे खरे श्रेय झाकते. संयोजकांच्या उपेक्षेचे एक महत्त्वाचे कारण 'चाल' व 'साथ' या परिभाषेत आहे. ही परिभाषा नाट्यसंगीताला पुरेशी होती, चित्रपटसंगीताला ती अपुरी आहे. आणि संयोजकाला न्याय देताना संगीतकाराचे कर्तृत्व नाकारण्याची आवश्यकता नाही. सहनिर्मिती ही स्वतंत्र कोटी मानावयास हवी.

महाविद्यालयीन पातळीवर याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. चित्रपटगीत आता अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहे. ते शिकविताना शब्द आणि चाल यांबरोबर संयोजनाचेही श्रवण व विश्लेषण व्हावे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हयात वादकांच्या मुलाखती व्हाव्यात, एवढे करणे आपल्या हाती आहे. त्या पिढीतील बहुतेक जण आता हयात नाहीत. पुढच्या पिढीजवळ जे कागद आणि आठवणी असतील, त्यांनाही फार वेळ उरलेला नाही.

प्रस्तुत लेखकाने आपल्या टिपणवहीतील जुन्या तक्त्यात आता सहावा रकाना आखला आहे. त्यातील बहुतांश जागा अद्याप रिकामी आहे. 'अलबेला'च्या ओळीपुढे मात्र एक नाव लिहिले आहे : अंतोनियो शाविएर वाझ.